पुनरुत्थानाच्या रविवारी साक्ष द्यायला सांगितली आहे. आशा अर्धीच असेल तर काय सांगायचं?

शेवटचा_बाक

सर्वांना जय ख्रिस्त. प्रश्न थोडा लांबलाय, पण नीट विचारायचा आहे म्हणून सगळं लिहिते.

माझे पती गेल्या वर्षी गेले. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, काही वर्षं डायलिसिस चाललं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मी शेजारी स्टुलावर बसून त्यांना स्तोत्रं वाचून दाखवायचे. स्तोत्र १३ त्यांना सारखं हवं असायचं. सहाच वचनांचं आहे ते. पहिल्या दोन वचनांतच दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. तेवढं वाचून झालं की ते सुई नसलेला हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांब. पुढचं नको. हेच परत वाच." मी परत वाचायचे. शेवटी भरवसा आहे, गाणं आहे, तिथपर्यंत आम्ही क्वचितच पोचलो. ते असं का करायचे हे मला अजून उमगलेलं नाही.

मंडळीनं आमच्यासाठी फार केलं. उपास-प्रार्थना, साखळी प्रार्थना, पैशाची मदतसुद्धा. ते मी कधी विसरणार नाही. पण बरं होण्यासाठी एवढं मागितलं आणि ते गेले. अंत्यविधीनंतर एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घरात कुणाच्या मनात शंका होती का? तो प्रश्न काही केल्या मनातून जात नाही.

आता पाळकसाहेबांनी सांगितलंय की पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उपासनेत मी साक्ष द्यावी, देवानं आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर सांगावं. विषय आहे ‘दुःखातून नवजीवन’. प्रेमानंच सांगितलं त्यांनी. मी वही घेऊन बसले. आजारपणाचं भराभर लिहून झालं. त्यापुढं हात चालेना. आपण सगळ्यांनी साक्षी ऐकल्यात. शेवटी आजार बरा होतो, नोकरी लागते, मूल होतं, निदान मनाला अशी शांती मिळते की सगळी मंडळी आमेन म्हणते. माझ्याकडे यातलं काही नाही. मी देवाला सोडलेलं नाही. उपासनेला जाते, पण मागच्या बाकावर बसते. गायनमंडळात परत गेलेले नाही, गीत सुरू झालं की घसा दाटतो. घरी गुडघे टेकले तर ‘प्रभू’ एवढंच निघतं तोंडातून, पुढं शब्द नाहीत.

ख्रिस्ती माणसाची आशा म्हणजे नक्की काय असते? ती मनात जाणवायलाच हवी का? आणि अर्ध्यामुर्ध्या आशेची साक्ष देणं हा खोटेपणा होईल का? कृपा करून मोकळेपणानं लिहा.

पहाटेचा_तारा

ताई, जय ख्रिस्त. हिंमत सोडू नका. यिर्मया २९:११ वाचा, प्रभूचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचेच असतात. रोमकरांस ८:२८ सुद्धा. तुमचे पती आता कोणत्याही यंत्राला जोडलेले नाहीत, प्रभूच्या सन्निध आहेत, हीच केवढी मोठी गोष्ट! साक्ष जरूर द्या आणि विजयानं द्या. तुमच्याकडे बघून कितीतरी जण उभे राहतील. मी आज रात्रीच्या प्रार्थनेत तुमचं नाव घेणार आहे. नाव माहीत नाही, पण प्रभूला माहीत आहे.

निवृत्त_पाळक

ताई, आधी त्या गृहस्थांच्या प्रश्नाबद्दल. तो मनातून गेल्याशिवाय बाकीचं आत शिरणार नाही.

तुमच्या घरातल्या कुणाच्या शंकेमुळे तुमचे पती गेले नाहीत. नुसता धीर द्यायला म्हणून मी हे लिहीत नाही. प्रेषित पौलाच्या हातून आजारी माणसं बरी झाली, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कळवतो की सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. इतकंच. कारण देत नाही, कुणाला दोष देत नाही. तीमथ्याची स्वतःची दुखणी वारंवार उलटायची, त्यावर पौलानं पहिल्या पत्रात त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी पीडा, निघावी म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, ती निघाली नाही. आणि गेथशेमानेत खुद्द प्रभूनं मागितलं, हा प्याला माझ्यावरून टळो. टळला नाही. तिथं विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? मग तुमच्या घराबद्दल तरी का रेटावी?

आता वर भावानं दिलेलं वचन. ते खरंच आहे, मीही कित्येक अंत्यविधींत वाचलंय. पण ते कुणाला लिहिलं गेलं तेही बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथं आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं ते पत्र आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची पात्रंही परत येतील. ऐकायला किती बरं वाटलं असेल! यिर्मया म्हणतो, नाही. सत्तर वर्षं. ११ व्या वचनाच्या आधीचं १० वं वचन काढून वाचा, तिथं हा आकडा आहे. म्हणजे हिताच्या संकल्पांचं ते वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यातले बहुतेक जण परत जायच्या आत बाबेलातच वारणार होते. आणि तरीही त्यांना काय सांगितलंय? घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. देवानं त्यांना लगेच सुटका दिली नाही, बाबेलातलं जगणं दिलं, आणि त्या जगण्यातही मी तुम्हाला सापडेन असं सांगितलं. म्हणून हे वचन कुणाच्या हातात देताना वरची सत्तर वर्षं खोडून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ती खोडली की आपण हनन्याचा संदेश यिर्मयाच्या नावावर खपवतो.

आशा मनात जाणवायलाच हवी का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर, नाही. योहानाच्या २० व्या अध्यायात मग्दालीया मरिया कबरेबाहेर रडत उभी आहे. अंधार असतानाच ती तिथं आलेली. तिच्या मनात आशेचा लवलेश नाही, प्रभूचं शरीर कुणी कुठं नेऊन ठेवलं एवढीच तिची चौकशी. आणि तोवर प्रभू उठलेला आहे! तिच्या मागं उभा आहे. ती वळून बघते, तरी तिला तो माळी वाटतो. तिला काय वाटत होतं यावर त्याचं उठणं अवलंबून नव्हतं. आपली आशा त्या घडून गेलेल्या गोष्टीवर टेकलेली आहे, आपल्या काळजाच्या ठोक्यावर नाही. ज्या दिवशी काहीच जाणवत नाही त्या दिवशीही कबर तितकीच रिकामी असते. आणि पुढं बघा, तो तिला रडल्याबद्दल बोलत नाही. तिचं नाव घेऊन हाक मारतो.

मग साक्षीचं काय? बायबलात अर्ध्या साक्षी भरपूर आहेत, आपणच त्या व्यासपीठावर येऊ देत नाही. नामीची गोष्ट घ्या. मवाबात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमेत परत आल्यावर बायका विचारतात, ही नामीच ना? ती भर वेशीत म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा, म्हणजे कडू, म्हणा, मी भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी आणलं. किती कडू बोलली! पण ते पवित्र शास्त्रात तसंच्या तसं ठेवलंय, कुणी तिचं तोंड धरलं नाही. आणि ती हे बोलत असताना तिची सून रूथ तिच्या शेजारी उभी आहे. मी रिकामी आले असं म्हणताना नामीला ती दिसत नाही. लगेच पुढच्या ओळीत लेखक सांगतो, जवाच्या कापणीला सुरुवात झाली होती तेव्हा त्या आल्या. पुढं रूथच्या पोटी ओबेद जन्मतो, नामी त्याला उराशी धरते. पण तिचे मुलगे काही परत येत नाहीत, आणि कथाही तसं भासवत नाही. ईयोबाचंही तेच. त्याची जनावरं आणि लेकरं सगळी गेली होती, शेवटी देवानं त्याला परत दिलं. मेंढरं सात हजारांची चौदा हजार झाली, जनावरं सगळी दुप्पट. मुलं मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. गेलेल्या लेकरांची भरपाई झाली असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला, पण खरं अंतरीचं समाधान त्यानंतर कितीतरी वर्षांनी लाभलं हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर त्या जेमतेम वर्षभर जगल्या. बायबलचं मराठी भाषांतर हे त्यांच्या शेवटच्या वर्षांचं काम. एवढ्या मोठ्या स्त्रीलासुद्धा नवं जीवन एका दिवसात आणि एका घोटात मिळालं नाही.

राहता राहिलं स्तोत्र १३. तुमचे पती पुढचं का वाचू देत नव्हते हे मला कसं कळणार? पण माझ्या मनात आलं ते लिहितो. ‘कोठवर’ हा प्रश्न भिंतीला कुणी विचारत नाही. देव ऐकतोय हे ज्याला ठाऊक आहे तोच तो विचारतो. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा अशा आक्रोशाचा आहे. ८८ वं स्तोत्र तर शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच राहतं, त्याला भरवशाची ओळ जोडायची कुणाला गरज वाटली नाही. तुमचे पती त्या खाटेवर जे म्हणत होते ती प्रार्थनाच होती, आणि पुरती प्रार्थना होती.

पास्काची_वात

मी कॅथॉलिक, त्यामुळे आमच्याकडे साक्षीची पद्धत तुमच्यासारखी नाही. पण तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही.

माझं बाळ जन्मतःच गेलं. त्यानंतर मला सगळ्यात जवळचा वाटू लागला तो पवित्र शनिवार. शुक्रवारी क्रूस, रविवारी आनंद, आणि मधल्या त्या दिवसाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्या दिवशी दिवसा मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, होत नाही. वेदीवर कापडसुद्धा नसतं. देऊळ उघडं असतं पण रिकामं रिकामं वाटतं. शिष्यांनी तो शनिवार कसा काढला असेल याबद्दल शुभवर्तमानांत जवळपास काही नाही. लूक एवढंच लिहितो की स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. त्यांनी धीरानं वाट पाहिली, गाणी म्हटली, असलं काही नाही. त्या दिवशी त्या नुसत्या होत्या. मला हे वाचून फार आधार वाटला, की नुसतं असण्यालाही त्या आठवड्यात जागा दिलेली आहे.

आणि रात्री जागरणविधी सुरू होतो तेव्हा बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची मेणबत्ती लावतात. अंधाऱ्या देवळात ती एकटी आत येते आणि मग तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या लागतात. एका वर्षी मी अगदी पुढं उभी होते म्हणून नीट बघितलं. फादर त्या मेणबत्तीवर क्रूस कोरतात, त्या वर्षाचे चार अंक कोरतात आणि धुपाचे पाच दाणे क्रूसाच्या आकारात खोचतात. पाच दाणे म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा. नव्या उजेडाच्या मेणबत्तीवर जखमा आधी, वात नंतर! उठलेल्या प्रभूच्या अंगावर खिळ्यांच्या खुणा होत्याच की. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं त्याच दाखवल्या. देवाला मरण पुसता आलं, मग व्रणही पुसता आले असते. त्यानं ते ठेवले.

म्हणून ताई, तुमच्या साक्षीत व्रण दिसले तर बिघडत नाही. आणि द्यावीशी वाटली नाही तर देऊ नका. पाळकांना नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं नव्हे.

झुडपाखाली

वरच्या सगळ्यांनी वचनांचं लिहिलंच आहे, मी जरा शरीराचं लिहितो.

इतकी वर्षं आजारी माणसाची सेवा केलेल्या बाईचं अंग किती थकलेलं असेल याचा विचार कुणी केलाय का? एलीया संदेष्ट्याचं बघा. १ राजे १९. कर्मेलावर मोठा विजय झाल्यानंतर लगेच तो रानात एका झुडपाखाली जाऊन मरण मागतो. आता पुरे, म्हणतो. देवदूत येऊन काय करतो? उपदेश करत नाही. भाकरी आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला घालतो, आणि म्हणतो, तुला झेपणार नाही एवढी वाट आहे. मग होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवसांचं चालणं, मग देवाची ती मंद वाणी. आणि त्यानंतर त्याला काम मिळतं, सोबतीला अलीशा मिळतो, आणि तू एकटा नाहीस, देवाशी एकनिष्ठ असे सात हजार आहेत, हे कळतं. क्रम लक्षात घ्या. आधी झोप आणि जेवण.

धंदा बुडाला आणि मागोमाग घर विकावं लागलं तेव्हा मी याच अवस्थेत होतो. दिवस दिवस उठायचो नाही. आमच्या मंडळीतल्या एका आजोबांनी मला डॉक्टरांकडे नेलं. प्रार्थना करून नेलं, पण नेलं. औषधं घेतली, समुपदेशकाकडे गेलो. ताई, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको असं वाटत असेल तर हे आजच करा, उद्यावर टाकू नका. यात विश्वासाला कमीपणा नाही.

‘प्रभू’ एवढंच तोंडातून येतं म्हणालात. मला तेवढंही येत नव्हतं. ते आजोबा माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसायचे आणि माझ्या वतीनं प्रार्थना म्हणायचे. मी आमेनसुद्धा म्हणायचो नाही. मार्क २ मधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकरून खाली सोडलं. तिथं लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्या आडव्या माणसाचा वेगळा असा काही उल्लेख नाही. काही काळ दुसऱ्यांच्या विश्वासावर पडून राहिलं तरी चालतं. माझी प्रार्थना परत आली, पण कधी आली ते मला सांगता येणार नाही. हळूहळू आली.

शेवटचा_बाक

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? निवृत्त पाळकांचं उत्तर काढून मी वहीत उतरवून घेतलं. त्रफिमाचं वचन आजवर कितीदा डोळ्यांखालून गेलं असेल, थांबले कधी नाही. झुडपाखाली दादा, झोप लागते. आधी लागत नव्हती, आता लागते. तरीही डॉक्टरांना भेटून येईन.

आणखी दोन गोष्टी.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो उपासनेला यायचा थांबलाय. वाद घालत नाही, नुसतं म्हणतो, "मम्मी, तू जा." एकदाच म्हणाला, सगळ्यांनी मागितलं आणि देवानं दिलं नाही, मग मागायचं कशाला. मला उत्तर देता आलं नाही. मी व्यासपीठावर उभी राहून नवजीवनाबद्दल बोलले तर त्याला काय वाटेल, ही खरी भीती आहे.

दुसरं, हे साक्षीत बसणारं नाही पण सांगते. डायलिसिसला यांच्या शेजारच्या खाटेवर एक नवीन पेशंट आले होते. त्यांच्या बायकोचे मला अजून फोन येतात. फिस्तुलाच्या हाताचं, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून घेतलेल्या हाताचं, ब्लड प्रेशर घेऊ द्यायचं नाही, त्या हातात इंजेक्शन नको, रोज सकाळी बोटं ठेवून तिथली थरथर लागते का बघायचं, दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचं, हे सगळं मी तिला सांगितलं. एकदा थरथर लागेना तेव्हा रात्री घाबरून तिचा फोन आला. मी म्हटलं, थांबू नकोस, आत्ताच्या आत्ता घेऊन जा, मीही येते. गेले. पहाटेपर्यंत तिच्याबरोबर बाकड्यावर बसले. ती ख्रिस्ती नाही. निघताना म्हणाली, तुमच्या त्या पुस्तकातलं काहीतरी वाचा ना, तुम्ही त्यांना वाचायचात तसं. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. स्तोत्र १३ तोंडपाठ होतं, तेच म्हटलं. पूर्ण म्हटलं.

निवृत्त_पाळक

ताई, हे साक्षीत बसणारं नाही असं तुम्ही लिहिलंत आणि मी खुर्चीत सरसावून बसलो.

करिंथकरांस दुसरं पत्र, पहिला अध्याय काढा. पौल म्हणतो, आशिया प्रांतात आमच्यावर इतकं ओझं आलं की जगण्याचीही आशा सोडली. हे प्रेषित लिहितोय, मंडळीला, शाईनं. आणि त्याच्याच आधी चौथ्या वचनात म्हणतो की देव आमचं सांत्वन करतो ते अशासाठी की आम्हालाही दुसऱ्या संकटातल्यांचं सांत्वन करता यावं. आशा सोडल्याची कबुली आणि सांत्वनाचं काम, दोन्ही एकाच पानावर आहेत. पुढं चौथ्या अध्यायात तो म्हणतो की बाहेरचा देह झिजत असला तरी आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत आहे. दिवसेंदिवस. एका रविवारात नाही.

तुम्ही त्या बाईशेजारी पहाटेपर्यंत बसलात आणि कोठवरपासून गाण्यापर्यंत सगळी सहा वचनं म्हटलीत. वहीत हेच लिहा. त्याला विजयाचा शेवट जोडू नका, आणि कुणी जोडायला सांगितलं तर ऐकू नका. त्या बाईचं नाव-गाव मात्र सांगू नका, आणि सांगण्याआधी तिला विचारा.

पास्काची_वात

मुलाबद्दल मला एवढंच सुचतं. पहिल्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी थोमा तिथं नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणाला, खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. त्यानंतर आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत बाकीच्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. पुन्हा प्रभू आला तेव्हा थोमा त्यांच्यात होता, म्हणजे त्यांनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं होतं. तुमच्या मुलालाही असंच ठेवून घ्या. त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई नको. त्याच्या वडलांनीही तोच प्रश्न विचारला होता, दिवसेंदिवस, हाताला सुई टोचलेली असताना. हे त्याला ठाऊक आहे का? नसेल तर व्यासपीठावरून कळायच्या आधी घरी तुमच्याकडून कळू दे.

पहाटेचा_तारा

ताई, वचन मी प्रेमानं दिलं होतं. निवृत्त पाळकसाहेबांनी त्याच्या आजूबाजूचं दाखवलं ते बरं झालं, मी आज तो सगळा अध्याय वाचला. प्रार्थना चालू आहे. आता तुमच्या मुलासाठीही, आणि त्या बाईंच्या पतीसाठीही.

शेवटचा_बाक

त्याला ठाऊक नव्हतं. शाळा, क्लास, तो डायलिसिसच्या वेळी कधी आतपर्यंत आलाच नाही. काल रात्री सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, पप्पा नक्की कुठं थांबवायचे? मी बायबल काढून दाखवलं. उपासनेला येतो असं म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या पाळकसाहेबांशी आज फोनवर बोलले. म्हटलं, साक्ष देईन, पण शेवट जसा आहे तसाच राहील. ते थोडे थांबले आणि हो म्हणाले. त्या बाईंनाही विचारलं, नाव न घेता सांगायला त्यांची हरकत नाही. आता भीती एकच, मधेच रडू आलं आणि आवाज बंद झाला तर?

झुडपाखाली

सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या आणि वाचूनच दाखवा. त्याची एक प्रत जवळच्या मैत्रिणीकडे देऊन तिला पहिल्या बाकावर बसवा. तिला आधीच सांगून ठेवा की मी थांबले तर तू उठून माझ्या शेजारी उभी राहा आणि जिथं थांबले तिथून पुढं वाच. स्तोत्र १३ शेवटी ठेवा आणि ते मंडळीला तुमच्याबरोबर म्हणायला सांगा, म्हणजे तुमचा आवाज नाही निघाला तरी वाचन थांबणार नाही. आणि त्या दिवशी सकाळी काहीतरी खाऊन जा.